ज्या हिरोचं नाव घेता येतं

पुस्तकाच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झटकतो. किस्से झटकायला गेलं की वरून आणखी दोन पडतात! ऐंशी-नव्वदच्या काळातले हे काही, एकाच कादंबरीच्या पायी झालेले.

जळगावच्या स्टँडजवळ माझं दुकान. पुढे विक्री, मागे भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी. शिक्षण म्हणाल तर सातवी. बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. आणि धुळ्याचे नाना म्हणजे शाळेत संस्कृत शिकवणारे, सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारे. दोन छापून झाल्या होत्या, दोन्ही फळीवरून हलायला तयार नव्हत्या. तिसरी मी छापायची ठरवली तेव्हा नाना म्हणाले, "शेठ, हीसुद्धा पडून राहिली तर लेखणी पांझरा नदीत सोडून देणार. पुन्हा लिहिणं नाही!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

*

पहिल्या दोन का पडल्या, ते मला केळीच्या चिकानं सांगितलं.

असोद्याचे माझे वाचक केळीच्या बागेतून थेट लायब्ररीत यायचे. हाताला चीक असायचाच, आणि तो पुस्तकाला लागला की काळा डाग कायमचा. माणूस कुठवर वाचत गेला, ते त्याचा अंगठाच सांगतो! मी नानांची पहिली कादंबरी उघडली. चौदाव्या पानापर्यंत अंगठेच अंगठे. पुढची पानं दुधासारखी स्वच्छ.

चौदाव्या पानावर हिरो प्रवेश करत होता. नाव प्रद्युम्न. त्याच पानावर त्याला हिरॉइन भेटत होती. नाव मृण्मयी!

नानांना दाखवलं तर ते उखडले. "शेठ, त्या नावांना अर्थ आहे!"

"आहे ना. पण माझा माणूस एसटीत बसून वाचतो. रस्त्यात खड्डे कमी आहेत का, म्हणून तुम्ही ओळीतही खणून ठेवता?"

*

तरी नाना ऐकेनात, तिसरीतही नावं तसलीच. मग देवानंच जामनेरचा एक भला माणूस पाठवला. नाना दुकानात बसलेले असतानाच आला.

"शेठ, बायकोनं एक पुस्तक सांगितलंय."

"कोणतं?"

"ते हो... त्या पोराचं... प्र... प्रदू..." तीनदा उडी मारली, तीनदा आपटला. कपाळाला घाम आला. शेवटी म्हणाला, "जाऊ द्या शेठ. इथं डोकं दुखायची गोळी कुठं मिळते?"

तो गेल्यावर मी नानांना एवढंच म्हटलं, "साबण असता तर बोट दाखवून मागितला असता. कादंबरी कशी मागायची?"

नानांनी निमूटपणे हस्तलिखित पिशवीत टाकलं आणि धुळ्याची गाडी पकडली.

*

महिन्यानं परत आले ते विजयी चेहऱ्यानं. "घ्या! एकही अवघड नाव ठेवलं नाही."

आमच्या परीक्षक म्हणजे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या अक्का. यजमान गार्ड. दर आठवड्याला पॅसेंजरनं यायच्या, सहा पुस्तकं न्यायच्या आणि प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. त्यांच्या हाती हस्तलिखित दिलं.

पुढच्या आठवड्यात अक्कांनी ते काउंटरवर आपटलं. "कोणी लिहिलंय हे?"

नाना उठून उभे राहिले. "मी."

"रमेश, सुरेश, महेश, उमेश! अहो, चाळीस पानं मी महेशसाठी रडले, आणि मेला उमेश!"

*

मग नानांनी चौघांची नावं पार बदलली. हिरोचं ठेवलं वसंत, हिरॉइनचं नलू. आता कोण कोणात मिसळेल? मी खूश, नाना खूश. हस्तलिखित पुन्हा भुसावळला.

तिकडे रीत अशी की दुपारी क्वार्टरमधल्या बायका उडदाचे पापड लाटायला एकत्र बसायच्या. सगळ्यांचे हात पिठात, म्हणून अक्कांनी मोठ्यानं वाचायचं. वाचता वाचता वसंत आला आणि अक्का गप्प!

आमच्याकडे बाई नवऱ्याचं, सासऱ्याचं, जेठाचं म्हणजे थोरल्या दिराचं नाव तोंडानं घेत नाही. आणि गार्डसाहेबांचं नाव वसंतराव!

बायका गोष्ट सोडायला तयार नाहीत. "वाचा ना अक्का!" मग अक्कांनी युक्ती केली. जिथं वसंत असेल, तिथं 'आमचे हे' म्हणायचं! गाडी चालू झाली. आमचे हे बागेत आले. आमच्या ह्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. आमच्या ह्यांनी नलूचा हात धरला...

पोळपाटावर पापड तसेच राहिले, बायका लोळायच्या बाकी! नेमके गार्डसाहेब ड्युटीवरून दारात. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं. शांतपणे टोपी काढली आणि विचारलं, "ही नलू कुठल्या सेक्शनला आहे?"

*

आता नाना पुरते खचले. "शेठ, कोणतंही सोपं नाव घ्या, ते कुणाच्या तरी नवऱ्याचं निघणारच!"

मी म्हटलं, "हिरोला नुसतं भाऊ म्हणा."

"आणि नलूनं लग्न कोणाशी करायचं?"

शेवटी आम्ही दोघंच भुसावळला गेलो. चौदा बायका, चौदा पोळपाट. नानांनी यादी वाचायची. ज्या बाईला नाव चालत नसेल, तिनं लाटणं वर करायचं. अशोक म्हटलं, दोन लाटणी वर. प्रकाश, तीन. मोहन म्हटलं, तर एका बाईनं दोन्ही हातांनी वर केलं. तिच्या नवऱ्याचं मोहन आणि चुलतसासऱ्यांचं मोहनदास!

बावीस नावं गेली. तेविसावं नानांनी हळूच उच्चारलं, "मदन."

एकही लाटणं हललं नाही.

"बघा अक्का," मी म्हटलं, "म, द, न. ना काना, ना मात्रा. कालच वाचायला शिकलेली बाईसुद्धा न अडखळता वाचेल!"

नाना डोळे मिटून पुटपुटले, "आणि अर्थही आहे!"

*

मदन-नलूची कादंबरी छापली आणि पहिली आवृत्ती दिवाळीच्या आतच संपली. दुसरी छापायला टाकून मी आणि नाना जळगावहून एसटीनं धुळ्याला निघालो. पुढच्या सीटवर पारोळ्याकडची एक म्हातारी बसली होती. मांडीवर आमचंच पुस्तक, बोट ओळीवर, ओठ हलताहेत.

नानांनी मला कोपरानं ढोसलं. मग पुढे वाकून, साळसूदपणे म्हणाले, "काय वाचताय माय?"

"मदननी गोष्ट!" म्हातारी वळली. "आबा, तुम्ही वाचेल नई का?"

"नाही बुवा."

"अरे देवा! मी तर बठ्ठं वाचेल शे, हाई दुसऱ्यांदा शे!"

आणि तिनं अहिराणीतून सगळी गोष्ट सांगायला सुरुवात केली. एरंडोल गेलं. नलूचं लग्न दुसरीकडे ठरलं. पारोळं आलं, तिचं गाव आलं, तरी ती उतरली नाही. कंडक्टर ओरडला तर त्यालाच म्हणाली, "थांब ना रे भाऊ, मदन दवाखान्यात शे!"

गाडी थांबून राहिली. नाना ऐकत होते, मध्येच विचारत होते, "मग? पुढे?" आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

म्हातारीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"रडू नका हो आबा," ती म्हणाली, "शेवट गोड शे!"