निजलेलं शेत

आमच्या आत्याला अख्खं गाव फौजदार म्हणायचं. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलं, कुणी कुणाचा पाट फोडला, की निवाडा आत्याच्या दारात. आपलं टोपणनाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिच्या शेताचे चार तुकडे. त्यांतला एक दरवर्षी पाळीपाळीने रिकामा ठेवायचा, ही तिची रीत. त्याला पडीक म्हटलेलं तिला खपायचं नाही. "निजलंय ते," म्हणायची. निजलेल्या शेतात पाऊल टाकायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, आमचा चेंडू गेला तर तो गेला. जे उगवेल ते उगवू द्यायचं आणि तिथेच कुजू द्यायचं. घरातही हाच कायदा. दुपारी कुणाचा डोळा लागला असेल तर साक्षात मरण दारात आलं तरी ही त्याला बाहेर ताटकळत ठेवेल, असं माझे वडील म्हणायचे. "निजलेल्याला उठवायचं नाही," हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले.

मी तिची भाची. ट्रॅक्टर भाड्याने चालवते. तिचा स्वभाव थोडा माझ्यातही उतरलाय, त्यामुळे या गोष्टीत मधेच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

गावामागच्या खडकाळ टेकडीवर वीज बनवणाऱ्या काचा बसल्या तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती. उलट आत्यानेच घरोघर फिरून लोकांचे होकार मिळवले होते. पण टेकडीवर काम अवघड, आणि खालची शेतं आयती सपाट. काचा बसवणाऱ्या कंपनीची नजर उतरत उतरत आमच्यावर आली. सूर्याशी माझं भांडण नाही. तो टेकडीवरही तेवढाच पडतो, एवढंच माझं म्हणणं.

मग फौजदार उठली. गावातल्या बायका आणि म्हातारे सोबत घेऊन तिने सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं. साहेब लोकांना आत जायचं तर हिला ओलांडून जावं लागे. शेवटी त्यांनी नियम केला. पिकाऊ जमिनीला हात लावायचा नाही. नापीक ठरेल तीच प्रकल्पाला जाईल, मग मालकाची मर्जी असो वा नसो. शेवटचं वाक्य आम्ही नीट ऐकलंच नाही. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

पाहणीची माणसं आली ती तपासायला, की पिकाऊ कुठली आणि नापीक कुठली. आत्याने त्यांना पाणी दिलं, तीन तुकडे हौसेने फिरवून दाखवले. चौथा तुकडा रस्त्याकडेचा, सगळ्यांत मोठा. यंदा निजायची पाळी त्याची होती. गुडघाभर तण माजलेलं. त्यांच्यातला एकजण मातीचा नमुना घ्यायला हत्यार घेऊन बांधावरून उतरू लागला, तशी आत्या आडवी आली.

"आत जायचं नाही. निजलंय ते."

"बाई, नुसती मूठभर माती हवी."

"चिमूटभरसुद्धा नाही."

"बरं. यंदा यातून काय काढलंत?"

"काही नाही," आत्या ताठ मानेने म्हणाली. "यातून काही काढायचंच नाही."

किती अभिमानाने म्हणाली होती! मी ट्रॅक्टरवर बसून ऐकत होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगला शेतकरी अशा प्रश्नाला हेच उत्तर देईल. त्या माणसाने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

तुकडा नापीक ठरला.

आम्ही धावत कचेरी गाठली. अरुंद खोली, भिंतीला लागून कपाटं, खिडकीपुढेही एक कपाट, त्यामुळे भरदिवसा दिवा लागलेला. तिथली अधिकारी तरुण होती आणि वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मला चार शब्द सुनावता आले असते. तिने आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "आजी, इथे दोनच रकाने आहेत. पिकाऊ आणि नापीक. निजलेलं असा रकाना नाही."

"मग घाला."

"नियम तुम्हीच मागून घेतलात ना?"



"मातीचा नमुना आता घ्या," मी म्हणाले. "मी स्वतः खणून देते."

"त्याची मुदत गेली. आता एकच वाट आहे. फेरतपासणीला उभं पीक दाखवा."

 घरी आल्यावर आत्या खिडकीशी बसून राहिली. तिथून तो तुकडा दिसायचा. न पेरावं तर शेत जाणार, पेरावं तर त्याची झोप मोडणार. पाचर अशी बसली होती की हलायलाच जागा नव्हती, आणि ती मारली होती आमच्याच हातांनी. दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. "मका पेरू. लवकर वर येतो, लांबून दिसतो."

मका म्हणजे खादाड पीक. दमलेल्या मातीत तो कधी घालायचा नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. मी तिच्याकडे बघत राहिले. "बघतेस काय? चल," ती खेकसली.

मी नांगर घातला. तणाखाली माती नुकती कुठे मऊ पडू लागली होती. गांडुळं उघडी पडली, पांढरी मुळं तुटून वर आली. आत्या बांधावर बसली होती, शेताकडे पाठ करून. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. इंजिनाचा आवाज मोठा होता, तेवढं बरं.

मका आला. पानं पिवळट होती, पण लांबून दिसला. माणसं आली, फोटो काढले आणि तुकडा पिकाऊ ठरवून गेली. रस्त्याकडेला 'संरक्षित शेतजमीन' अशी पाटी लागली. लोक येऊन आत्याचे हात हातात घेत होते, फौजदार जिंकली म्हणत होते. टोपणनाव पहिल्यांदाच तिच्या तोंडावर घेतलं गेलं आणि तिचं लक्षही नव्हतं.

कारण पाटी रोवताना ती अधिकारी तिला बाजूला घेऊन सांगून गेली होती. "आजी, आता दरवर्षी आकाशातून फोटो येणार. चारही तुकड्यांचे. एक वर्ष जरी रिकामा दिसला तर तो तुकडा आपोआप नापीक. तेव्हा माझ्याही हातात काही नसेल."

मका काढून झाल्यावर आत्या मला घेऊन बांधावर गेली. गुडघे धरून खाली बसली. मी म्हटलं, "वाचलं ना गं शेवटी." तिने मातीचं ढेकूळ उचललं, चुरायला गेली. ते चुरलं नाही. तिने ते परत खाली ठेवलं.

"माझ्यानंतर हे तूच बघणार," ती म्हणाली. "एक सांगते, ऐक. दमलेलं दिसेल तुला. पेरायला तुझा जीव होणार नाही." तिने हातावरची माती झटकली. "पण निजू देऊ नकोस."