काका सध्या काय ऐकतात

लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे काकाच म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या मशिनरूममध्ये काढली. मग त्यांच्या आधी त्यांच्या गुडघ्यांनीच राजीनामा दिला, आणि कंपनीने त्यांना तक्रार विभागात फोनवर बसवलं. काम बसून करायचं होतं, एवढीच त्यातली सोय. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आतलं लाल बटण दाबलं की फोन इथे वाजायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. कुणी रडायचं, कुणी शिव्या घालायचं, कुणाला धाप लागायची. काका सगळ्यांना एकाच संथ आवाजात सांगायचे, "दाराला हात लावू नका. भिंतीला टेकून खाली बसा. आमचा माणूस निघालाय." माणूस निघालेला असो वा नसो.

संध्याकाळी कानावरून हेडफोन उतरवला की कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या व्हायच्या आणि डोकं रिकाम्या पिंपासारखं घुमायचं. घरी जायचं, दोन घास खायचे आणि पाठ टेकायची, याच्यापलीकडे त्यांची काही मागणी उरली नव्हती.

अशात विभागात नवी टीमलीडर आली. काकांच्या निम्म्या वयाची, पण मनाने कनवाळू. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं, की इथली माणसं खांद्याला खांदा लावून बसतात आणि एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तिने ठरवलं, दर सोमवारी फोन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी खुर्च्या गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने सांगायचं: सध्या काय ऐकताय, आणि का?

"सकाळी सकाळी हे काय नवीन खूळ," दवंडी काकांच्या कानाशी पुटपुटला. दवंडी हे शेजारच्या टेबलावरच्या गड्याचं नाव नव्हतं, ती त्याची कीर्ती होती. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट चहाच्या वेळेपर्यंत वरच्या मजल्यावर पोचलेली असायची.

पण खूळ रुजलं. एक जणी फरशी पुसताना हात चालावेत म्हणून नाचाची गाणी लावायची. दुसऱ्याला झोप लागत नव्हती, तो बासरी ऐकायचा. खुद्द दवंडी विरहाची गाणी ऐकायचा. का, तर म्हणे, "संसार सुखाचा चाललाय हो, पण दुःखाची सवय अगदीच मोडू नये म्हणून." सगळे हसले. काकांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मी काही ऐकत नाही. दिवसभर ऐकतोच की." त्यावरही लोक हसले आणि पाळी पुढे सरकली. पुढच्या सोमवारी तेच उत्तर. त्याच्या पुढच्याही.

मग एकदा पाणी पिताना टीमलीडरने त्यांना बाजूला गाठलं. "काका, सांगायचं नसेल तर राहू दे. मी आग्रह करणार नाही. पण बसमधून उतरल्यावर तुमच्या कानात वायर असते. मी त्याच बसला असते, मी पाहिलंय."

काकांनी ग्लास खाली ठेवला. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ते जागेवर जाऊन बसले.

गोष्ट अशी होती. काकांची बायको मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. सगळी शाळा तिला बाई म्हणायची, आणि ऐकून ऐकून शेजारीपाजारीही. बाईंच्या घशाजवळ एक गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण आवाजाची नस दुखावली. असं कधी कधी होतं, डॉक्टर म्हणाले. परत आला तो आवाज निम्मा वाराच होता. घोगरा, अर्ध्या वाक्यात दमणारा. डॉक्टरांनी घशाचे व्यायाम दिले होते. बाईंनी ते थोडे दिवस केले आणि सोडून दिले. नोकरीही सोडली. घरातल्या कीबोर्डवर चादर पडली. ओट्याजवळचा रेडिओ बंद झाला. हे कुणी ठरवलं नव्हतं, दोघांत त्यावर एक शब्द झाला नव्हता. बाई बोलणंही जपून करू लागल्या. चहा झाला की टेबलावर बोटाने टकटक करायच्या.

खरं सांगायचं तर, दिवसभराच्या आरडाओरड्यानंतर त्या शांततेत काकांना बरं वाटायचं. आणि बरं वाटतं म्हणून पुन्हा वाईटही वाटायचं.

एका संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटून बसले असताना ते सहज आठवू गेले, की बाई पूर्वी जिन्यावरून हाक कशी मारायच्या. हाक आठवेना. शब्द आठवत होते, जिना आठवत होता, आवाज तेवढा येत नव्हता. काका घाबरले. फोन उघडून जुनं-पानं चाळू लागले, तेव्हा शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेने फार पूर्वी पाठवलेलं रेकॉर्डिंग सापडलं. वर्ग भरलाय, मुली एकच ओळ घोळवतायत. मध्येच एक आवाज म्हणतो, "पुन्हा." मग कुणीतरी ती ओळ एकटीने, काचेसारखी स्वच्छ म्हणतं, आणि मागोमाग सगळा वर्ग. तेव्हापासून बसथांब्यापासून घराच्या जिन्यापर्यंत काका रोज तेच ऐकायचे. जिन्याखाली उभं राहून वायर गुंडाळायची, खिशात टाकायची आणि वर जायचं.

पुढच्या सोमवारी, का कोण जाणे, त्यांनी हे सगळं सांगितलं. कदाचित लपवायचाही कंटाळा आला असेल. "बायकोचा आवाज विसरायला लागलो होतो," ते म्हणाले. "म्हणून ऐकतो." आणि फोन टेबलावर ठेवून त्यांनी ते वाजवलं. ती एकट्या गळ्यातली ओळ आली तेव्हा टीमलीडरने चष्मा काढून पुसला. दवंडीने नाक शिंकरलं. काकांना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि दिवसभर ते जरा ताठ बसले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. काका एका आजीबाईंशी बोलत होते. पिशव्यांसकट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या बिचाऱ्या. मोबाईल खिशात थरथरत होता, पण उचलायची सोय नव्हती. शेवटी बाईंनी ऑफिसच्या नंबरवर फोन केला, आणि तो नेमका दवंडीने घेतला. येताना औषधाच्या दुकानात जा, एवढाच निरोप होता. पण निरोपावर थांबला तर तो दवंडी कसला.

घरी आल्यावर काकांनी औषध टेबलावर ठेवलं. बाईंनी चहा आणून समोर ठेवला, टकटक न करता, आणि पुढ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

"सोमवारी ऑफिसात काय ऐकवलंत?"

काकांचा कप ओठांपर्यंत गेला तिथेच राहिला. "दवंडी बोलला?"

"तो बोलला. तुम्ही नाही." बाई श्वास घ्यायला थांबल्या. "मला म्हणतो कसा, वहिनी, काय गोड गळा हो तुमचा. मी त्याच्याशी बोलतेय, माझा हा असला गळा त्याच्या कानात पडतोय, आणि तो मला हे सांगतोय."

"अगं, तो येडपट आहे."

"त्याचं सोडा. जिन्याखाली वायर काढायची, मला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि तिकडे परक्या लोकांच्यात बसून वाजवायचं. विसरू नये म्हणून. मी मेलेय का?"

हे सगळं कुजबुजीतच चाललं होतं. रागवायलाही आवाज लागतो, तो नव्हता, म्हणून राग नुसता डोळ्यांत साचत होता. रोज अनोळखी माणसांना शांत करणाऱ्या काकांना आता आपला तो संथ आवाज काही केल्या सापडेना.

"तुला त्रास होईल असं वाटलं," ते म्हणाले. "तू रेडिओसुद्धा लावत नाहीस."

"तुमच्यासाठी नाही लावत." बाई पाणी प्यायल्या. "गाणं लागलं की तुम्ही माझ्याकडे असं बघायचात, जसं काही दुखवट्याला आलात. किती दिवस सोसायचं ते? त्यापेक्षा नको ते गाणं म्हटलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. चहावर साय धरली.

"ऐकवा," बाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"सगळ्यांनी ऐकून झालंय. मीच राहिलेय."

काकांनी फोन मध्ये ठेवला. वर्ग सुरू झाला. बाई मान खाली घालून, टेबलावर बोटाने ताल धरून ऐकू लागल्या. मागच्या रांगेत कुणीतरी बेसूर होतं, तिथे त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा" आलं. मग ती एकटी ओळ आली आणि गेली. मुलींचा घोळका आला. रेकॉर्डिंग संपलं.

"यात माझा आवाज कुठाय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? तो काय, 'पुन्हा'च्या नंतरचा. एकटीने म्हटलंय तो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ती मी नाही."

"असं कसं?"

"दुसऱ्या रांगेतली चष्मेवाली आहे ती. बारा महिने नाक गळायचं, पण सुराला पक्की. मुली चुकल्या की मी तिलाच म्हणायला लावायचे. एवढ्या वरच्या पट्टीत मी कधी गायले हो? माझा गळा खालचा."

"मग तू कुठेयस?"

"मी फक्त 'पुन्हा' म्हणतेय."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रोज संध्याकाळी, थकून भागून, जीव ओतून ते एका सर्दीवाल्या मुलीचं गाणं ऐकत आले होते. आणि तिच्यावरून सगळ्या ऑफिसला रडवलं होतं.

"मी गायला बसले की मान डोलवायचात," बाई म्हणाल्या. "ती कशावर?"

"सगळे डोलवायचे," काका बोटांच्या आडून म्हणाले, "म्हणून मीही."

बाईंना हसू फुटलं. घोगरं, तुटक, खोकल्यात अडखळणारं. हसता हसता त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. त्यांना हसताना बघून काकाही हसले, पण त्या हसण्यात तेवढीच दमणूक होती. मग बाई छताकडे बघत म्हणाल्या, "मलाही नीट आठवत नाही तो. आपला आवाज आपल्याला आतूनच ऐकू येतो. बाहेरून कसा होता, कोण जाणे."

काकांनी गार झालेला चहा पिऊन टाकला.

"आणि सोमवारी सांगा त्या लोकांना," कप उचलताना बाई म्हणाल्या. "दुसरीचं कौतुक माझ्या नावावर नको."

काकांनी सांगितलं. मान खाली घालून, एका दमात. हसावं की नाही ते कुणाला कळेना. सगळ्यात जास्त दवंडी हिरमुसला. "पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हो, काका."

"मग ते त्या मुलीसाठी आलं असं समज," काका म्हणाले. "गायली चांगली होती ती."

पुढे उन्हाळ्यात वीज जाऊ लागली, अडकणाऱ्यांचे फोन सकाळपासूनच खणखणू लागले आणि गोल खुर्च्यांची ती प्रथा आपोआप मागे पडली. टीमलीडरलाही मान वर करायला फुरसत उरली नाही.

घरी मात्र रेडिओ सुरू झाला. बाई स्वयंपाक करताना तो लावायच्या आणि गाणाऱ्यांच्या चुका काढायच्या. काका खुर्चीत बसून ऐकायचे, तिसऱ्या गाण्याला त्यांची मान छातीवर पडायची, आणि दुखवटाबिखवटा काही उरायचा नाही. बाईंनी घशाचे व्यायामही पुन्हा काढले. ग्लासभर पाण्यात नळी बुडवायची आणि हुंकार देत बुडबुडे काढायचे. हा पोरखेळ एकटीने करायची लाज वाटते म्हणाल्या, म्हणून काकांनीही एक ग्लास घेतला. जेवणाआधी दोघं समोरासमोर बसून बुडबुडे काढत. काकांचा हुंकार कुठल्या कुठे भरकटायचा. बाई डोळे मिटून घ्यायच्या, पण थांबवायच्या नाहीत.

गाणं काही परत आलं नाही. डॉक्टरांनी तशी आशा दाखवलीही नव्हती. वर्षभराने आवाजाला जरा धार आली, इतकंच. एका संध्याकाळी काका बुटांसकट पलंगावर आडवे झाले होते. स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, "ताटं घेतलीत का हो?" टकटक नव्हती, जवळ येऊन कुजबुज नव्हती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीपर्यंत पोचलेलं, मधल्या भिंतीला खरवडत आलेलं वाक्य.

काकांनी डोळे उघडले नाहीत. पाय ठणकत होते. "ऐकू आलं गं," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तसेच पडून राहिले.