भामात्यांची चामखीळ

भामात्या वाचल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणारी माणसं मला आवडत नाहीत. या घडीला त्या आमच्या स्वयंपाकघरात वांगी चिरत बसल्या आहेत आणि सोलापूरच्या बायकांना सार कसं जमत नाही, हे आमच्या कामवालीला तमिळमधून समजावून सांगत आहेत. सोलापूरची बाई म्हणजे मी.

भामात्या माझ्या नवऱ्याची, श्रीकरची आत्या. या लोकांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तंजावूरला आले आणि इथलेच झाले. लग्न ठरताना मला सांगितलं होतं की घरात मराठीच बोलतात. पहिल्याच दिवशी आत्यांनी विचारलं, "काय करूलीस गे?" म्हणजे, काय करते आहेस. मला ते कानडी वाटलं, म्हणून मी कानडीतून उत्तर दिलं. तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारत नाहीत. नुसतं 'सोलापूर' म्हणतात.

त्यांनी लग्न केलं नाही. जुन्या बसस्टँडच्या मागे टायपिंगचा क्लास चालवला. जिल्ह्यातल्या निम्म्या सरकारी कारकुनांची बोटं त्यांनी वळवली. पोटं सुटलेले, पेन्शनीत निघालेले अधिकारी आजही त्यांना रस्त्यात पाहिलं की ताठ उभे राहतात. जन्म राजवाड्याजवळच्या गल्लीत गेला. तिथे भिंतीला भिंत लागून घरं, शेजारणीने मिरची तळली की यांना ठसका. चारही बाजूंनी वारा येईल असं एक घर असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. क्लास बंद झाल्यावर त्यांनी गावाबाहेर प्लॉट घेतला आणि घर बांधलं.

प्लॉट दाखवायला आम्हाला नेलं तेव्हा तिथे भात उभा होता, घोटाभर पाण्यात. श्रीकरच्या पायाला जळू लागली होती. पुढच्या वर्षी पाणी तोडलं, मुरूम टाकला, दगड रोवले आणि कमान उभी राहिली. कमानीवर लिहिलं होतं 'नगर'. नगर म्हणायचं, पण घरं तीन. बाकी प्लॉटचे मालक कोणी चेन्नईला, कोणी सिंगापूरला, आणि त्यांच्या जागेत वेडी बाभूळ, कमरेएवढं वाळकं गवत, कुणाच्या तरी बकऱ्या आणि मणी नावाचा एक बेवारशी कुत्रा. हा मणी आत्यांच्या हातचा दहीभात खाऊन त्यांच्याच अंगाला टेकून झोपतो. पूजेला तुंब्याची पांढरी फुलं लागतात, ती नेमकी बाभळीच्या आत फुलतात. आत्या डोकं आत घालून तोडून आणायच्या. श्रीकरने सापाची भीती घातली, तर म्हणाल्या, "सापाला मजकडे काय काम?"

पोंगल झाल्यावर त्यांच्या उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, काहीतरी हाताला लागू लागलं. दुखत नव्हतं. चामखिळीला तमिळमध्ये पालुण्णी म्हणतात. पालुण्णी झालीय असं त्यांनी जाहीर केलं आणि आम्हीही मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाच्या चामखिळीकडे कोण निरखून बघतं? त्या तडक पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मेला गेल्या आणि मीठ-मिरं वाहून आल्या. चार-पाच दिवसांनी सकाळी उशीवर ती पडलेली सापडली. मग काय विचारता. गोड पोंगल करून शेजारच्या दोन्ही घरांत वाटला, आम्हाला डबा पाठवला आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन करून देवीची करणी ऐकवली. मी फोनवर कंटाळून "हो, हो" म्हणत कपड्यांच्या घड्या घातल्या.

त्यानंतर आठवडाभरात ताप आला. डोकं फुटतंय, पिंढऱ्या फुटताहेत. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त तपासलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. ताप मात्र हटेना. मग हातापायांवर लाल ठिपके उठले, अगदी तळपायापर्यंत, आणि प्लेटलेट्स घसरल्या. आम्ही त्यांना शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडंही नीट चालत नाहीत असं कळलं. मी कपाळावर ओली घडी ठेवत मुद्दाम म्हटलं, "आत्या, आज सारात चिंच जरा जास्तच घातलीय." त्या नुसत्या छताकडे बघत राहिल्या. मी घडी पुन्हा पाण्यात बुडवून पिळली. श्रीकर बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

तिथल्या डॉक्टर साईप्रिया तरुण, बोलायला शांत. त्यांनी नीट विचारपूस केली. या शेतावर जातात का? डोंगरात, जंगलात गेल्या होत्या का? काही चावलं होतं का? श्रीकरने साफ सांगितलं, "छे, डॉक्टर. त्या नगरात राहतात." त्याचं तरी काय चुकलं? नगर म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे बाभळीचं रान येतं? डॉक्टरांनी मान हलवली आणि आणखी तपासण्या लिहून दिल्या.

त्याच दुपारी वॉर्डातली आया, वरलक्ष्मी, चादर बदलायला आली. तिच्या मानेवर एक चामखीळ होती, खरीखुरी. आत्यांनी डोळे किलकिले करून ती पाहिली. दोन दिवस ज्या बाईने पाणी मागायलाही तोंड उघडलं नव्हतं, ती बोलायला लागली. "मारिअम्मेला जा. मीठ-मिरं घाल. माझी पडली." एकेक शब्दाला धाप लागत होती. मी म्हटलं, "आत्या, देवीची जाहिरात बरं झाल्यावर करा, आता पडून राहा." त्या ऐकतील तर शपथ. "उशीवर पडली," त्या वरलक्ष्मीला सांगत होत्या, "ही एवढी. एरंडीच्या बीसारखी."

डॉक्टर साईप्रिया शेजारच्या खाटेपाशी होत्या. त्या वळल्या.

"एरंडीच्या बीसारखी? रंग कसा होता, पाटी?" पाटी म्हणजे आजी.

"राखाडी. गुळगुळीत."

"पाय होते तिला?"

आत्यांनी विचार केला. "चष्मा नव्हता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांचे केस बाजूला केले. कानामागे एक छोटी काळी खपली होती. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही पालुण्णी नव्हे. नुसती उण्णी."

उण्णी म्हणजे गोचीड. तमिळमध्ये चामखिळीच्या नावातच गोचीड बसलेली आहे, आणि आमच्या घरात ती खरोखरच येऊन बसली होती. रक्त पिऊन पोट भरल्यावर आपणहून गळून पडली. जाताना ताप ठेवून गेली. डॉक्टरांनी श्रीकरला आत बोलावून विचारलं, "घराभोवती काय आहे?" आता तो भडाभडा बोलायला लागला. बाभूळ, गवत, बकऱ्या, मणी, तुंब्याची फुलं. तपासणीचा निकाल यायची वाट न बघता डॉक्टरांनी औषध बदललं. जुनंच औषध, आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांकडेही मिळालं असतं. "लवकर उतार पडायला हवा," त्या म्हणाल्या. "पण उशीर झालाय, तेव्हा आत्ताच खात्री देत नाही."

दुसऱ्या दिवशी ताप चढला, पण आदल्या दिवसाइतका नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी हात लावला तर कपाळ गार होतं. मला वेगळीच शंका आली आणि मी घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं. त्यांनी डोळे उघडले.

"काय बघूलीस?"

"काही नाही."

"मी मेली म्हणून निजलेली," त्या म्हणाल्या. "डोळे उघडले तर तू. म्हणटलं, यमाकडेही सोलापूरकरच बसवलेत की काय." मी हसायला गेले आणि हमसाहमशी रडले. वरलक्ष्मी धावत आली, तिला भलतंच वाटलं. आत्याच तिला म्हणाल्या की काही झालेलं नाही, या मुलीला रडायची सवय आहे.

निकाल नंतर आला, ताप गोचिडीचाच होता, डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. घरी सोडायच्या आधी त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. पाणी धरून उभ्या असलेल्या भातात गोचिडीला थारा नसतो. तिला लागतं कोरडं गवत, भेगा, झुडपं, आणि रक्ताला बकरी नाहीतर कुत्रा. तुम्ही पाणी काढून घेतलं आणि जमीन तशीच टाकून दिली, तिने घर केलं. जागा बदलली की त्यात राहणारे बदलतात आणि त्यांच्याबरोबर तापही बदलतो. हा रोग पूर्वी त्यांना डोंगराकडच्या माणसांतच दिसायचा, आता अशा नगरांतून येतो.

"म्हणजे जळवा घालवल्या आणि उण्ण्या बोलावल्या," आत्या म्हणाल्या. "आगीतून फुफाट्यात."

श्रीकरला राहवलं नाही. "आणि तुमची मारिअम्मा, आत्या? तिने काय केलं?"

"काय म्हणजे? पाड म्हणटलं, तिने पाडली. ताप देऊ नोको, असं मी कोठे म्हणटलं होतं? मागण्यात माझी चूक." डॉक्टर हसत हसत घरी सोडायच्या कागदावर सही करायला लागल्या.

आता अंगात ताकद येईपर्यंत त्या आमच्याकडे आहेत. श्रीकरने चेन्नई-सिंगापूरच्या मालकांना गाठून त्यांच्या मागे लागून घराभोवतीचं रान काढवून घेतलं. मणीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन औषध लावलं, आणि तिकडच्या शेजारणी त्याला दहीभात घालतात. आत्या पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत. राहा म्हणून आम्ही विनवलं, पण इथे वारा एकाच बाजूने येतो म्हणतात.

आज त्यांनी न्हाऊन केस मोकळे सोडले होते. वांगी घ्यायच्या आधी माझ्यापुढे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "बघ गे, काही आहे का."

मी कानामागचे केस वर केले. तिथे आता फिकट डाग आहे, बाकी काही नाही. तसं मी सांगितलं.

"नीट बघ."

"काही नाही, आत्या," मी म्हटलं, आणि तरीही आणखी थोडा वेळ बघत राहिले.