वरच्या मजल्यावरचा कॅनडा

प्रिय ईशान आणि रेवा,

दिवाळीच्या फोटोत जाड चष्मा लावून चकल्या तळणारी ती गोरी बाई कोण, असं तुम्ही दोघांनी गेल्या आठवड्यात विचारलंत आणि तुमच्या बाबांनी ‘आजीची टेनंट’ एवढ्या दोन शब्दांत तिला निकालात काढलं. ते काही मला रुचलं नाही. परवा वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. त्यांचं कपाट जिन्यात अडकलेलं बघताना वाटलं, तिच्याबद्दल एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवावं. मराठीत लिहिते आहे. बाबांनी वाचून दाखवावं, आणि कंटाळा आला म्हणून मधली वाक्यं गाळू नयेत.

तर माझ्या एवढ्या आयुष्यात आमच्या वरच्या बाईइतकं प्रामाणिक माणूस मी पाहिलं नाही, आणि तिच्याइतकं मोठं खोटं बोललेलंही कुणी पाहिलं नाही. मोठं म्हणजे किती, तर त्यात एक अख्खा देश मावला होता.

ती अमेरिकेतली भूगर्भशास्त्राची प्राध्यापक. पंचावन्नच्या आसपासची, उंच, आणि केस असे की नुकतीच वाऱ्यातून आली आहे असं वाटावं. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत वर्षभरासाठी आली होती आणि तिथल्या पाहुण्यांच्या खोलीची मुदत संपल्यावर आमच्याकडे राहायला आली. सामान म्हणजे एक बॅग, एक हातोडा आणि दगड. दर शनिवारी पिंजौरच्या बसमध्ये बसून ती टेकड्यांकडे जाई आणि संध्याकाळी पाठीवर नवे दगड घेऊन परते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दगड. आजोबांनी त्यातला एक उचलून वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावला, तर तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नदीचा तळ निघाला. आजोबा ओशाळले. ती म्हणाली, राहू दे, त्याला कुठे घाई आहे. आजोबा हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून इतक्या आदराने कुठल्याही दाराशी गेले नव्हते. चकल्या तळतानाचा तो चष्माही दगड फोडतानाचाच. तेलाचं तापमान विचारल्यावर मी ‘अंदाजाने’ असं सांगितलं, तेव्हा तिने तो घाईघाईने डोळ्यांवर चढवला.

चंदीगड म्हणजे आखीव शहर, इथे आंधळाही चुकायचा नाही, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. ती रोज चुकायची. सगळे चौक सारखेच, सगळी झाडं ओळीत, मग माणसाने ओळखायचं कशावरून, हा तिचा प्रश्न. खिशातून होकायंत्र काढून ती चौकाच्या मधोमध उभी राही आणि उत्तर दिशा नक्की झाली की चालू लागे. एकदा अशीच सेक्टर १७ मधल्या बँकेसाठी निघाली आणि एका लग्नाच्या मांडवात पोहोचली. जेवूनच परत आली. ‘लोकांनी फार आग्रह केला, आंटीजी,’ असं वर सांगितलं. आंटीजी हा शब्द ती अस्सल पंजाबी हेल काढून म्हणे. दुसरी कुणी असती तर मी तिला काकी म्हणायला शिकवलं असतं, पण त्या हेलात काहीतरी होतं, मी बदलू दिला नाही.

आता अमेरिकेविषयी. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे तिकडे जे काही घडे ते आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर येऊन पडे. ती फोन घेऊन गच्चीवर जाई. मग बादली भरल्याचा आवाज. बातमी वाईट असली की ती गच्ची धुवायची. कुणी पुढारी नुसतं काही बोलला असेल तर केर काढून भागे. न्यायालयाचा निकाल आला तर पाणी. आणि सरकारी कचेऱ्यांना टाळं लागलं, संशोधनाच्या अनुदानांचं काय होणार ते कुणाला सांगता येईना, तेव्हा तिने गुडघ्यांवर बसून टाकीमागचं शेवाळसुद्धा खरवडून काढलं. आजोबा वर्तमानपत्र उघडायच्या आधी गच्चीच्या पाइपाकडे बघायला लागले. ‘आज पाणी भरपूर आहे. वॉशिंग्टनमध्ये काहीतरी मोठं झालंय.’ पाइपाखाली माझं अळू. त्या वर्षी अळूला सुपाएवढी पानं आली. अमेरिकन राजकारणाचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही.

पण गच्ची सोडून खाली उतरलं की तिची सुटका नव्हती. परदेशी माणसाला इथे कुणी ताजमहाल पाहिलात का, असं विचारत नाही. भाजीवाला विचारतो की तुमच्या अध्यक्षांनी हे काय चालवलंय. केमिस्ट विचारतो की आमच्या मुलाच्या व्हिसाचं काय होणार. सेक्टर १७ च्या चौकात लोक तिच्याबरोबर फोटो काढत आणि फोटो झाला की आयात-कराबद्दल जाब विचारत. आणि ही बाई इतकी सरळ की प्रत्येकाला उत्तर द्यायची. नुसतं उत्तर नव्हे, देशाच्या वतीने माफी मागायची. कोथिंबिरीची जुडी आणायला गेलेली बाई तासाभराने, सगळ्या बाजारापुढे आपल्या राज्यघटनेची बाजू मांडून, कोथिंबीर विसरून परत येई.

हे सगळं तिने सोसलं. पण एक दिवस रिक्षावाल्याने कुठल्या तुम्ही, असं विचारलं, तिने सांगितलं. पुढच्या सिग्नलला तो मान न वळवता म्हणाला, ‘मॅडमजी, मेरे भांजे को वापस भेज दिया. उसका कसूर क्या था?’ ती इतकी माफी मागत सुटली की शेवटी त्या रिक्षावाल्यानेच रिक्षा कडेला घेऊन तिला चहा पाजला आणि तिची समजूत घातली. घरी येऊन तिने आधीच धुतलेली गच्ची पुन्हा धुतली.

त्या संध्याकाळी ती खाली आमच्याकडे बसली आणि पहिल्यांदा बहिणीबद्दल बोलली. थोरली बहीण, आईवडिलांच्या जुन्या घरात राहते. घर नायगारा नदीच्या अमेरिकेकडच्या काठावर, पूल ओलांडला की कॅनडा. निवडणुकीत बहिणीने एकाला मत दिलं, हिने दुसऱ्याला. त्यानंतरच्या सणाच्या जेवणात दोघी काय काय बोलल्या ते तिने सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की आपण करून नेलेला भोपळ्याचा गोड पदार्थ तिने भांड्यासकट उचलला, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि निघून आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मध्यंतरी बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते हिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. ‘पुढच्या वेळी काय कळेल, आंटीजी, आणि कोण कळवेल?’ एवढं विचारून ती चहाच्या कपात बघत बसली. आपल्याकडेही भावंडं अबोला धरतात, पण निदान मध्ये एखादं शेत असतं, घर असतं. या दोघी अशा माणसावरून तुटल्या होत्या ज्याला दोघींची नावंही ठाऊक नव्हती. तिला भूक लागली असेल म्हणून थालीपीठ लावलं.

दुसऱ्या सकाळी खोटं घडलं. शेजारच्या बीजी, म्हणजे पंजाबी आजी, सहा महिने मुलाकडे ब्रॅम्प्टनला राहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी भिंतीवरून हिला पाहिलं आणि कुठली गं तू, असं हिंदीत विचारलं. रात्रभर न झोपलेली आमची बाई म्हणाली, कॅनडा.

ईशान, रेवा, पंजाबात येऊन अमेरिका लपवायची म्हणून कॅनडा सांगायचा, ही चूक तिच्यासारख्या विद्वान बाईनेच करावी. इथे घरटी एक माणूस कॅनडात आहे. बीजींचा चेहरा असा उजळला जशी माहेरची कुणी भेटली. ‘कनेडा? कनेडा विच कित्थे?’ म्हणजे कॅनडात कुठे. हिला पलीकडचं एकच गाव ठाऊक. ती म्हणाली, नायगारा. बीजींनी भिंतीवरून दोन्ही हात पुढे करून तिचे हात धरले. ब्रॅम्प्टन कॅनडातलंच; त्यांचा मुलगा तिथून प्रत्येक पाहुण्याला नायगारा दाखवायला नेतो, म्हणजे ही तर शेजारीणच निघाली. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. ज्यांना तिने आधी अमेरिका सांगितलं होतं, त्यांनाही बीजींनी पटवलं की तुमची काहीतरी गफलत झाली.

राजकारणावरचे प्रश्न थांबले, हे खरं. त्याऐवजी कॅनडात घरं इतकी महाग का झाली, कुठलं कॉलेज चांगलं, आणि अमक्या तमक्याची मुलगी तिकडे कशी आहे, लग्नाची आहे का, हे सुरू झालं. आजोबांनी परिस्थिती हातात घेतली. माणूस खोटं बोललाच तर त्याची तयारी पूर्ण असावी, असं म्हणत त्यांनी डायनिंग टेबलवर नकाशा पसरला आणि रोज संध्याकाळी तिला प्रांत, राजधान्या आणि कुठे किती बर्फ पडतो ते शिकवलं. ती डोळे मिटून प्रांत म्हणून दाखवी. एक जरी चुकला तरी आजोबा दही वाढत नसत.

मग जायचे दिवस जवळ आले आणि सामान यायला लागलं. कॅनडाला जाणाऱ्या माणसाला इथे रिकाम्या हाताने कुणी जाऊ देत नाही. बीजींनी साजूक तुपातल्या पिन्न्यांचा मोठा डबा आणला. पिन्नी म्हणजे कणकेचा भरभक्कम लाडू, एक खाल्ला की दुपार होते. कुणी लोणचं, कुणी बाळाचे स्वेटर, कुणी कुकरची शिट्टी आणि रबर, एकाने तर लग्नाचा अल्बमच दिला. जिन्यावर दगडांच्या शेजारी पुड्या लागल्या. तिने घरी पोचून टपालाने पाठवते असं सुचवून पाहिलं. बीजींनी मान हलवली. ‘डाक नाल नहीं, पुत्तर. हत्थीं देणा.’ टपालाने नाही, हातात द्यायचं.

मी तिला म्हटलं, बीजींना खरं सांगून टाक आणि मोकळी हो. ती जिन्यावर बसली होती, मांडीवर पिन्न्यांचा डबा. म्हणाली, ‘देशाबद्दल खोटं बोलले, आंटीजी. पिन्न्यांबद्दल नाही बोलणार.’

आता पूल ओलांडून ब्रॅम्प्टनला जायचं म्हणजे गाडी हवी, नदीकाठी उतरायला घर हवं. दोन्ही एकाच माणसाकडे होतं. ते तिलाही कळत होतं आणि मलाही. आठवडाभर तिने बसची वेळापत्रकं पाहिली, भाड्याच्या गाड्या पाहिल्या आणि गच्ची इतकी धुतली की अळू कुजायला लागलं. शेवटी म्हणाली, बहिणीला फोन करायचा तर बोलू काय? कशानेही सुरुवात केली तरी गाडी त्याच विषयावर येणार. मी म्हटलं, पिन्नीपासून सुरू कर. तिथून निवडणुकीपर्यंत कुणी पोचू शकत नाही.

सकाळी तिने गच्चीवरून फोन लावला. मी अळू खुडत होते, मुद्दाम सावकाश. मग कणिक, तूप, गूळ, डिंक, बदाम असं एकेक सांगणं चाललं, अगदी प्रयोगशाळेत सांगावं तसं. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी, कारण एकदम तिचा आवाज चढला. बहिणीने दीड वर्षात तोंडातून काढलेला पहिला प्रश्न असा होता की घरी केलेली मिठाई कस्टममधून नेता येते का. ही म्हणाली येते, ती म्हणाली येत नाही. त्यावरून दोघी तासभर कडाकडा भांडल्या. आजोबा काळजीने बाहेर आले. मी त्यांना खूण केली, असू दे म्हणून. खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा धुतलेल्या गच्चीसारखा. म्हणाली, ‘ती म्हणते, तुला कधीच काही कळत नव्हतं. विमानतळावर घ्यायला येते आहे.’

पुढचं मला तिने फोनवर सांगितलं. पुलावरच्या चौकीत पगडीवाला अधिकारी होता. येण्याचं कारण विचारल्यावर गाडी चालवणारी बहीण, जिने जन्मात पिन्नी पाहिली नव्हती, ठणकावून म्हणाली, पिन्न्या पोचवायच्या आहेत. त्याने डबा उघडायला लावला, वास घेतला, झाकण लावलं आणि कुणाच्या हातच्या, एवढंच विचारलं. दोघी बहिणींनी दोन दिवस घरोघर जाऊन सगळं हातात दिलं. प्रत्येक घरी जेवावं लागलं. राजकारण बोलायला तोंड रिकामं नव्हतं.

ब्रॅम्प्टनहून बीजींच्या मुलाने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सहज सांगून टाकलं की या दोघी अमेरिकेतून आल्यात. मी बीजींच्या शेजारीच बसले होते. बीजींनी फोन जवळ धरून आमच्या बाईकडे नीट पाहिलं आणि रागावून म्हणाल्या, ‘पहले बताती ना. मेरी भतीजी है कैलिफोर्निया में, उसका सामान भी दे देती.’

याला आता बरेच महिने झाले. वर आता नवे लोक आलेत, भले दिसतात, गच्ची धुणारे वाटत नाहीत. सकाळी चहाच्या वेळी वर कुणी चालत नाही आणि तिकडे काय घडलं ते आम्हाला चारचौघांसारखं वर्तमानपत्रातूनच कळतं. मधूनमधून तिचा फोन येतो. बहिणीचं मत बदललेलं नाही, हिचंही नाही, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा काय होईल याची तिला भीती वाटते, असं ती मोकळेपणाने सांगते. मध्ये एकदा दोघींचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी बहिणीनेच फोन केला.

दोघी अजून बोलतात.

तुमची आजी