आईने फेकलेला दोर

आधीच कबूल करते, इथे लोक लिहितात ते अद्भुत अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचायचे. कुणी काही सांगितलं की माझं ठरलेलं उत्तर — "झोप झाली नसेल नीट." मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळला माझं क्लिनिक आहे. हाडं, स्नायू, एवढंच माझं जग. पण गेल्या फेब्रुवारीतला तो रविवार... अजून सांगताना माझा आवाज चढतो. भीतीने नाही हं, एक्साइटमेंटने!

मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण सुजाता, आम्ही दोघींनी मिळून एक छोटी सेकंडहँड शिडाची होडी घेतली आहे. ती शिवडीच्या बाजूला एका जुन्या दगडी गोदीत असते. पूर्वी तिथे मालाची गलबतं लागायची. आता आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी तरंगता धक्का केलाय, होडीपर्यंत पाणी आणि वीज येते, जुन्या गोदामात अंघोळीच्या खोल्या आहेत, चहा-सँडविच मिळतं. गोदीच्या तोंडाशी दोन भिंती आहेत. डावीकडची पडलेली, तिथे नुसते दगड. उजवीकडची उभी आहे, पण मधला भाग कोसळल्यामुळे ती जमिनीपासून तुटलीये. भोवती चिखल. तिच्यावर चालत जाताच येत नाही.

त्या दिवशी आईला पहिल्यांदा होडीत नेलं. वय एकाहत्तर, गिरगावात आयुष्य गेलं, गणिताची निवृत्त शिक्षिका. लाइफ जॅकेट घालून पुढच्या टोकाला अशी बसली होती, जणू होडी तिच्याच नावावर आहे!

साडेचारच्या सुमाराला परत आलो. शीड उतरवलं, मोटरवर आत शिरत होतो, आणि मोटर गचके खाऊन बंद. मोटरच्या पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. ओहोटी, वरून वारा. होडी सरळ डावीकडच्या दगडांकडे निघाली. सुजाता वल्हं मारतेय, मी पिशवी ओढतेय, दगड जवळ येतायत... आणि आईला पोहता येत नाही.

"आई, खाली बस! घट्ट धर!" मी ओरडले.

तिने ऐकलंच नाही. पायाशी नवा कोरा दोर होता, एक टोक होडीला बांधलेलं. दुसरं टोक उचलून तिने उजवीकडच्या भिंतीकडे भिरकावलं. "अहो, धरा!"

भिंतीमागे सूर्य होता, डोळे दिपत होते. मला काही दिसलं नाही. पण दोर ताणला गेला! होडीला हिसका बसला आणि ती थांबली. डावीकडचे दगड माझ्या हाताच्या अंतरावर होते.

आई वळून म्हणाली, "धरला त्यांनी."

"कुणी?"

"मला काय माहीत? 'आला दोर' म्हणाले."

सुजाताला काही ऐकू आलं नव्हतं. मलाही नाही.

पाच मिनिटांत धक्क्यावरचे हरेश्वरदादा छोटी बोट घेऊन आले. वरळी कोळीवाड्यातले, जन्म समुद्रावर गेलेला माणूस. आमची होडी त्यांनी त्यांच्या बोटीला बांधली आणि दोर सोडवायला भिंतीला लागले. तिथे एक गंजकं लोखंडी कडं आहे. त्यातला दोर त्यांनी बोटांनी चाचपला.

"ताई, हा कुणी विणला?"

दोर कड्यातून ओवला होता, आणि गाठ नव्हतीच! टोकाचे तीन पीळ उलगडून, एकेक करून पुन्हा त्याच दोरात विणले होते. पक्का फासा, हाताला उंचवटाही लागत नव्हता.

"मला करायचा तर वीस मिनिटं," दादा म्हणाले. "ते पण दोर सैल हवा. ताणलेल्या दोरात पीळ घुसतच नाय. आणि इथे माणूस आला कुठून? मी धक्क्यावरूनच बघत होतो. भिंतीवर कोण नव्हता."

शेवटी सुरीने कापावा लागला.

आम्ही खूप डोकं चालवलं. दोर कड्यात अडकला असेल? अडकेल एकवेळ, पण विणला कसा जाईल? आधीपासून तिथे असलेला दुसरा दोर? नाही, कापलेली टोकं जुळवून बघितली, दोर आमचाच. मी स्वतः तो विणायला शिकले. टेबलावर, आरामात बसून मला अर्धा तास लागतो. जे झालं ते कसं झालं, मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर कृपया लिहा, मनापासून सांगते.

पुढच्या रविवारी आई पुन्हा तयार. "आभार मानायचे राहिले," म्हणाली. भिंतीजवळून जाताना उभी राहिली, हात जोडले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाली, "फार उपकार झाले हो तुमचे!"

आम्ही दोघींनी भिंतीकडे कान लावले. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, बाकी काही नाही.

आई खाली बसली, जॅकेटचा पट्टा नीट केला.

"कामात असतील," ती म्हणाली.