जगन्नाथ मुन्शींचं इंग्रजी आणि सटवाईची राई

भोकरदन तालुक्याच्या कचेरीत इंग्रजी येणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, ही गोष्ट जगन्नाथ मुन्शी रोज सकाळी टोपी घालताना स्वतःला एकदा ऐकवीत. कचेरीचा कारभार उर्दूत, गावांचं बोलणं मराठीत. त्यामुळे मुन्शींचं इंग्रजी तपासणार कोण? जालन्याच्या पलटणीतून निवृत्त झालेल्या एका बाबूकडे ते दीड वर्ष शिकले होते. घोड्यांचा चारा आणि बुटांचं पॉलिश, या दोन विषयांवर त्यांची भाषा पाण्यासारखी वाहे. बाकी सगळा हिमतीचा कारभार. घरी भाजीत मीठ जास्त झालं की ते इंग्रजीत रागावत, आणि त्यांची बायको रमाबाई निवांतपणे दुसरी भाकरी वाढीत.

निजामाच्या राज्यातलं ते चौतीस साल. हैदराबादहून एक गोरा साहेब गावोगावच्या झाडांची नोंद करायला आला आणि भोकरदनबाहेर तंबू ठोकून बसला. त्यानं मुन्शींना एक तक्ता धाडला. त्यात चार रकाने होते: फॉरेस्ट, वुड, ग्रोव्ह आणि जंगल. प्रत्येक गावची झाडं यातल्या एका रकान्यात बसवायची होती. पहिल्या रकान्यातली झाडं सरकारजमा होऊन तोडीला जातील, असं तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. बारीक अक्षर वाचणं मुन्शींना आपल्या हुद्द्याला शोभणारं वाटत नसे.

दाभाडवाडीच्या ओढ्याकाठी दोनेकशे झाडं होती; गावकरी त्यांना राई म्हणत. ती पाहायला जायचं म्हणजे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची; म्हणून मुन्शींनी ती खुर्चीतूनच पाहिली. वुड म्हणजे लाकूड, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि उभ्या झाडाला लाकूड म्हणणं त्यांना अशुभ वाटलं. जंगल हा तर आपलाच शब्द, साहेबानं उचललेला. तो त्यालाच परत द्यायला शिकलेला माणूस कशाला हवा? ग्रोव्ह फारच आखूड, शिंक आल्यासारखा. राहिला फॉरेस्ट. शब्द कसा भारदस्त! गावाचा मान राहील, अशा उदार मनानं त्यांनी तोच लिहिला आणि खाली ऐटीत सही ठोकली.

महिन्याभरात तोडीच्या ठेकेदाराची माणसं येऊन त्या झाडांच्या बुंध्यांना गेरूचे पट्टे मारून गेली. दुसऱ्याच दिवशी दाभाडवाडीची गोजरबाई कचेरीत हजर झाली. वय साठीचं, पण आवाज असा की दारातला शिपाई बसल्या जागचा उठून उभा राहिला.

"मुन्शीजी, आमच्या राईला तुमी काय लिव्हलं?"

"फॉरेस्ट. मोठा शब्द आहे बाई."

"मोठ्या शब्दावर कुऱ्हाड कामून आणून राह्यले मंग? त्याचा अर्थ काय?"

"अर्थ काय असायचाय, जंगल!"

"जंगलात माणूस हरवतं," गोजरबाई म्हणाली. "झाडीत शेळी हरवती, ती सांजेला घावती. रानात तर आमी रोजच जातो. आन् राईत चप्पल काढून जावं लागतं. तुमाला एवढंबी ठाऊक न्हाई, आन् लिव्हायला बसले?"

शिपाई खोकल्याचं निमित्त करून हसला. मुन्शींचा पारा चढला. "तुमचं काय अडलंय त्या झाडांवाचून?"

"त्यात दोन निंब माझे हायेत."

"मालकीचा कागद आहे?"

"कागद कशाचा? पोरं हायेत माझी. एक बारा दिसाचं गेल्तं, एक सव्वा महिन्याचं."

मग तिनं सांगितलं ते असं. दाभाडवाडीत तान्हं लेकरू गेलं की त्याला सटवाईच्या राईत पुरतात आणि वर एक झाड लावतात. तिथली काटकी कुणी चुलीला नेत नाही. वाऱ्यानं पडलेलं झाडसुद्धा पडल्या जागी मातीला मिळतं. ती दोनशे झाडं म्हणजे त्या गावची दोनशे लेकरं होती.

मुन्शींना लाज वाटली, अगदी खरी लाज. त्यांनी कपाटातला शब्दकोश काढला आणि धूळ झटकून आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासून वाचला. फॉरेस्ट म्हणजे अफाट पसरलेलं अरण्य. वुड त्याहून लहान. आणि तो शिंकेसारखा ग्रोव्ह म्हणजे मोजक्या झाडांची, राखलेली, पुष्कळदा देवाची जागा. फरक इतका साधा होता की त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी ते गोजरबाईच्याच गाडीत बसून साहेबाच्या तंबूवर गेले. साहेब म्हणाला, सही झालेली नोंद बदलायची तर ती चुकली कशी, हे लिहिणाऱ्यानंच लिहून द्यावं लागेल. गावानं चुकीची माहिती दिली असं लिहिलं तर खुर्ची वाचेल, हा विचार मुन्शींच्या मनात आला. खरं सांगायचं तर चूक गावावर ढकलावी, हे वाटभर त्यांच्या डोक्यात घोळत होतं. त्यांनी तंबूच्या दारातून बाहेर पाहिलं. गोजरबाई बैलांना वैरण टाकत होती.

त्यांनी लेखणी उचलली आणि इंग्रजीत चारच वाक्यं लिहिली. साहेबानं ती वाचली, तक्त्यातला फॉरेस्ट खोडला, ग्रोव्ह लिहिलं, आणि उद्यापासून इंग्रजी कागद मुन्शींकडे पाठवायचे नाहीत असा हुकूमही लगोलग लिहून टाकला.

मुन्शी बाहेर आले. राई वाचली म्हणताच गोजरबाईनं हातातली वैरण खाली टाकली. पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "काय लिव्हलं हो एवढं?"

"लिहिलं, की मी जागा पाहिली नाही. ती राई आहे, देवाची. शब्दांतला फरक मला ठाऊक नव्हता." मुन्शी जरा अडखळले. "आणि मला इंग्रजी येत नाही."

गोजरबाईनं मान डोलावली.

"बिलकुल बराबर लिव्हलं," ती म्हणाली.

मुन्शींच्या इंग्रजीला उभ्या जन्मात मिळालेली ती पहिली शाबासकी.