चक्र फिरत होतं तोवर

साकोलीच्या स्टँडमागच्या नेट कॅफेचा मालक कधी घाईत दिसला नाही. त्या काळी नेटवर हौशी मंडळी घरच्या खोलीत बसून सिनेमांची सालटी काढणारे व्हिडिओ टाकायची. ते बघायला मी एकोडीहून सायकल हाणत यायचो.

व्हिडिओ मिनिटामिनिटाला अडकायचा आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागायचं. मी वैतागून माऊस आपटला की मालक माझा हात धरायचा.

"काहून आपटून राहिला बे? विचार करून राहिला तो. करू दे ना!"

मग खुर्ची वळवून बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारायचा, "तवर तुमाले का वाट्टे, सांगा."

सिनेमा आमच्यापैकी कोणी पाहिलेला नसायचा. तरी कडाक्याचं भांडण जुंपायचं. चक्र थांबलं की तो ओरडायचा, "चूप! आता तो बोलते." शेवटी व्हिडिओखाली स्वतःची प्रतिक्रिया टाकायचा, "व्हेरी गुड, फ्रॉम साकोली." सिनेमाला आईबहिणीवरून शिव्या घातलेल्या असल्या तरी हेच.

कॅफेच्या जागी आता त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. परवा तिथे मी त्याला मोबाईलवर आजच्या एका गाजलेल्या सिनेपरीक्षकाचा व्हिडिओ लावून दिला. गडी दहा मिनिटं एकदाही न अडकता बोलला. मालकाने सगळं मन लावून ऐकलं आणि फोन माझ्या हातात परत ठेवला.

"बोलते चांगला," तो म्हणाला, "पण विचारच नाही करत ना बाप्पा!"